मदत हवी आहे: रोरी गॅलघरची सही फिकी होत चालली आहे

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलघरच्या 'आयरिश टूर '७४' या दोन तबकड्यांच्या अल्बमच्या कव्हरवर त्याने कार्यक्रमानंतर स्वतः केलेली सही माझ्याकडे आहे. निळ्या स्केचपेनची. तो १४ जून १९९५ ला गेला, वय जेमतेम ४७. त्याच्या गिटारवर मी वाढलो, त्यामुळे ही सही माझ्यासाठी घरातल्या माणसासारखी आहे.

बरीच वर्षं कव्हर साध्या काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर होतं. थेट ऊन येत नव्हतं, तरी मधली अक्षरं पुसट झाली आहेत. लक्षात येताच फ्रेम उतरवली, ६०० डीपीआयवर स्कॅन केलं आणि कव्हर अंधाऱ्या कपाटात आडवं ठेवलं. तबकड्या वेगळ्या काढल्या आहेत. आधीचं प्लास्टिकचं पाकीट पीव्हीसीचं होतं, तेही काढून टाकलं, कारण ते कालांतराने कव्हरला चिकटतं.

सही पुन्हा गिरवायची नाही, लॅमिनेशन नको, स्प्रेही नको. विकायचीही नाही, त्यामुळे किंमत किंवा प्रमाणपत्राचा प्रश्नच नाही. कव्हर चकचकीत छपाईचं आहे, बुरशी किंवा ओल नाही.

स्कॅनची छापील प्रत भिंतीवर लावून मूळ कव्हर कायम अंधारात ठेवावं, हे मला कळतं. पण मन मानत नाही, अधूनमधून ती खरी सही डोळ्यांसमोर हवी असते.

ज्यांनी स्केचपेनच्या सह्या प्रत्यक्ष जपल्या आहेत त्यांना विचारतो: अतिनील किरण अडवणारी काच लावून, मंद दिव्यात, वर्षातून महिनाभर कव्हर बाहेर ठेवलं तर चालेल का? की स्केचपेनची शाई तेवढ्या उजेडातही उडतच राहते?