विषय: जानेवारी-फेब्रुवारीत दोघांसाठी स्कीइंग, कुठे जावं?

प्रेषक: ऋतुजा

नमस्कार मंडळी,

लग्नानंतरचा आमचा म्युनिकमधला हा पहिलाच हिवाळा. चार-पाच दिवस बर्फात जाऊन राहायचं मनात आहे. स्कीज दोघांनीही कधी पायात घातलेल्या नाहीत. मला शिकायचंय. अनिकेतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, तो बहुतेक फोटोच काढेल. गाडी नाही. यादीत सध्या स्वित्झर्लंडमधलं झरमाट आणि ऑस्ट्रियातली किट्सब्यूल आणि सांक्ट आन्टोन आहेत. फेब्रुवारीत फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, आठवड्यात रजा मिळेल असं वाटतं. काय सुचवाल?

प्रेषक: श्रीरंग

झरमाट! डोळे झाकून. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, समोर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. गोर्नरग्राट डोंगरावरची रेल्वे १८९८ पासून चालू आहे, ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते, त्यामुळे स्की न करणाऱ्याचाही दिवस मजेत जातो. खर्चाचं विचारू नका. लग्न काय रोज होतं का?

प्रेषक: मेधा

ऋतुजा,

श्रीरंगरावांचं झरमाट सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण म्युनिकहून रेल्वेने साधारण आठ तास लागतात, म्हणजे चार दिवसांतले दोन प्रवासातच गेले. आणि नवशिक्याला ३,००० मीटरवरच्या उताराचं करायचंय काय? तुझे पहिले दोन दिवस शाळेच्या मैदानाएवढ्या उतारावर जाणार, आणि तो उतार झरमाटला असला काय किंवा इथल्या टेकडीवर असला काय, सारखाच.

सांक्ट आन्टोन यादीतून काढून टाक. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हान्नेस श्नायडरने स्की शिकवण्याची पद्धत तिथेच बसवली, पण आता तिथे जातात ते मुरलेले स्कीवाले. तिथले काही निळे, म्हणजे सोपे समजले जाणारे, पिस्ट (स्कीचे आखलेले उतार) सुद्धा नवशिक्याची बोबडी वळवतात. किट्सब्यूल गाव जेमतेम ७६० मीटरवर, ऐन हिवाळ्यातही खाली पाऊस पडू शकतो. शिवाय जानेवारीच्या उत्तरार्धात हानेनकामची प्रसिद्ध स्की शर्यत असते, त्या दिवसांत खोल्यांचे दर बघूनच घाम फुटेल.

माझं मत ऑस्ट्रियातल्या झेफेल्डला. म्युनिकहून गार्मिश, मिटनवाल्ड करत इन्सब्रुकला जाणारी गाडी थेट गावात सोडते, सव्वादोन-अडीच तासांत. मिटनवाल्डपर्यंत डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) चालतं, पुढच्या ऑस्ट्रियन भागाचं तिकीट वेगळं काढा. सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा. गाव १,२०० मीटरच्या पठारावर आहे. १९६४ आणि १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमधल्या लँगलाउफच्या, म्हणजे सपाटीवरच्या स्कीच्या, शर्यती तिथेच झाल्या. नवशिक्यांचा गाइगेनब्यूल नावाचा उतार गावाला अगदी लागून आहे. तू तिथे पडत-उठत असताना अनिकेत कडेला उभा राहून फोटो काढू शकतो, कंटाळला की तळ्याभोवती फिरू शकतो. डोंगरावर रोसह्यूटला केबलने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने पायी माणसांनाही जाता येतं.

दोघांतला एक स्की करणारा आणि एक न करणारा असला की पिस्ट किती किलोमीटर आहेत ते बघूच नये. दुपारी तीन वाजता तुम्ही दोघं कुठे असणार, ते बघावं. तीनपर्यंत नवशिक्याच्या मांड्या बोलायला लागतात. त्या वेळी बुटांचं ओझं घेऊन बससाठी अर्धा तास थंडीत उभं राहावं लागलं, तर संध्याकाळी भांडण ठरलेलं. पाच मिनिटांत खोलीवर पोचता आलं की मग कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) खायला बाहेर पडता येतं. (अंडं चालत असेल तरच. आणि शाकाहारी असाल तर क्न्योडेलचं, म्हणजे गोळ्यांचं, सूप मागवू नका, गोळा चीजचा असला तरी रस्सा बहुतेक बीफचा असतो.)

फाशिंगचा आठवडा मात्र विसर. तेव्हा बव्हेरियाच्या शाळांना सुट्टी, ऑस्ट्रियातल्याही सत्राच्या सुट्ट्या फेब्रुवारीत एकामागून एक, आणि दर सगळ्यात चढे. सहा जानेवारीचा सण उलटून शाळा उघडल्या की गावं रिकामी होतात. तिकडचे हॉटेलवाले त्याला 'जानेवारीचं भोक' म्हणतात. तेव्हाच जा. आणि रविवारी पोच, कारण नवशिक्यांचे गटवर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारीच सुरू होतात. बुधवारी पोचलीस तर सुरू झालेल्या गटात घेत नाहीत, मग खासगी शिक्षक, म्हणजे खिशाला भोक. पूर्ण स्कीपासही (सगळ्या लिफ्टचं तिकीट) पहिल्या दिवशी घेऊ नकोस. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं आणि 'पिझ्झा' करत, म्हणजे स्कीजची टोकं जवळ आणून मागून फाकवत, खाली यायचं, एवढंच असतं. तेवढ्यापुरतं तिकीट स्कीशाळेतच विचार.

बूट भाड्याने घेताना घाई करू नकोस. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं मोकळी व्हायला हवीत, आणि टाच जागची उचलता कामा नये. मोजा एकच, लांब. थर्मल पायजमा बुटात खुपसायचा नाही, संध्याकाळपर्यंत नडगीवर वळ उठतात. दुकानदार वजन विचारेल, ते खरं सांग. पडल्यावर स्की पायातून किती जोराला सुटायची, ते तो त्यावरून बसवतो. वजन चोरायची ही जागा नव्हे.

प्रेषक: गिरीश

एवढा खटाटोप कशाला? गार्मिशला सकाळच्या गाडीने जा, संध्याकाळी परत. हॉटेलचा खर्च शून्य. तिथल्या हाउसबेर्ग डोंगराच्या पायथ्याशी शिकता येतं, आणि अनिकेतने पार्टनाखक्लामच्या घळीत फिरावं, हिवाळ्यात घळीच्या भिंतींवर बर्फाचे झुंबर लटकलेले असतात. मेधाताईंचं झेफेल्ड चांगलं, पण पहिल्याच वेळी चार रात्रींचे पैसे अडकवायचे आणि दुसऱ्या दिवशी 'मला नाही जमत' म्हणायचं?

प्रेषक: मेधा

गिरीश, ते दोघं फिरायला निघालेत, क्लासला नाही. शिवाय पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक वळायला येतं, आणि तोपर्यंत राहायचं तर तिथेच मुक्काम हवा.

प्रेषक: अंजली (डॉक्टर, पण हाडांची नव्हे)

अनिकेत, 'नुसतं सपाटीवरचं' म्हणून लँगलाउफला उभं राहण्याआधी तुझ्या फिजिओला विचार. घसरून गुडघा पिळवटायला उतार लागत नाही.

विम्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. इथला सरकारी आरोग्यविमा ऑस्ट्रियातला दवाखाना बघेल, पण पिस्टवरून उचलून आणणाऱ्या पथकाचा किंवा हेलिकॉप्टरचा खर्च सहसा देत नाही. परदेशाचा वेगळा विमा घ्या, नाहीतर जर्मन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व, त्यात बचावाचा खर्च धरलेला असतो. हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा, आहे ना तुमच्याकडे? वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, हा स्कीचा नियम आहे. ऋतुजा कोणाला धडकली तर भरपाई तिच्याच माथी.

प्रेषक: नीलिमा (कार्यकारिणी)

जानेवारी म्हणताय, तर आधीच सांगून ठेवते, आपल्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम १६ तारखेला, शनिवारी आहे. ऋतुजाची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने आम्ही करायला घेतलेत. पाय प्लास्टरमध्ये घेऊन आलीस तरी चालेल, पण ये!

प्रेषक: ऋतुजा

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रीरंगदादा, झरमाट लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला ठेवू.

रविवारी १० तारखेला झेफेल्डला जातोय, गुरुवारी परत. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं पेन्शन (छोटं घरगुती हॉटेल) मिळालंय, न्याहारीसकट. सोमवारपासून तीन दिवसांचा वर्गही धरलाय. मेधाकाकू, वजन खरं सांगेन. अनिकेतने फिजिओची वेळ घेतलीय. गिरीशदादा, मला नाहीच जमलं तर परतीच्या वाटेवर गार्मिशला उतरू.

आता एवढंच, कोणाकडे बायकांची एम साइजची स्की पँट आहे का? पहिल्याच खेपेला विकत घ्यायचं जिवावर येतंय.

प्रेषक: नीलिमा

माझ्या मुलीची आहे, निळी. पाय जरा लांब आहेत, खालून दुमडून घे. घरी ये न्यायला, म्हणजे दागिन्यांचं मापही घेता येईल.