प्रेमकादंबरी सुचवताना 'शेवट गोड आहे की नाही' हे आधी सांगावं का?

टिळकवाडी वाचक (धागा यांचा)

माझं मत: सांगावं. शेवट कसा गोड होतो ते नाही, गोड होतो की नाही एवढंच.

मराठीत 'प्रेमकथा' या एका शब्दाखाली दोन वेगळी पुस्तकं खपतात. एकात दोघं शेवटी एकत्र असतात. दुसऱ्यात एक जण मरतो, किंवा घरच्यांचं ऐकून भलत्याशी लग्न करतो आणि पंचवीस वर्षांनी रेल्वे फलाटावर नजरानजर होते. दुसऱ्या प्रकाराला मी कमी लेखत नाही, पण तो मागणारा वाचक वेगळा. इंग्रजीत रोमान्स हा शब्द पक्का बांधलेला आहे. अमेरिकेत 1980 साली रोमान्स लेखकांची संघटना निघाली. तिच्या व्याख्येत अटी दोनच: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठाऊक असूनही आपण वाचतोच. इथंही तसंच.

आपल्या बेळगाव-सीमाभागात तर याची गरज जास्त. पुण्यातला वाचक दुकानात उभा राहून चार पुस्तकं चाळू शकतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या वाचकाला नवं मराठी पुस्तक म्हणजे कोल्हापूर-पुण्याहून मागवायचं, नाहीतर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याच्या साहित्य संमेलनातल्या स्टॉलवर घाईत उचलायचं. मलपृष्ठावर तर हीच गोष्ट झाकलेली असते: 'त्यांचं प्रेम टिकेल का?' मग सुचवणाऱ्यानं तरी सांगायला नको?

निपाणीकर

ताई, मला हे पटत नाही. शेवट कळला की पुस्तकाचा तिसरा हिस्सा मेला म्हणून समजा.

आजच्या प्रेमकादंबरीची बांधणी बघा. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर साधारण 210 ते 250 पानांच्या दरम्यान दोघांची ताटातूट होते. इंग्रजी वाचक त्याला थर्ड ॲक्ट ब्रेकअप म्हणतात. लेखकाची सगळी मेहनत त्या चाळीस पानांत असते. वाचणाऱ्याच्या पोटात तिथं गोळा यायला हवा. तुम्ही आधीच 'काळजी नको, एकत्र येतात' म्हटलंत तर तो ती पानं भराभर उलटणार.

दुसरं असं की वाचक मोठा आहे, त्याला कडेवर घेऊन फिरू नका. दुःखाला तोंड द्यायची तयारीही वाचनानंच होते की.

टिळकवाडी वाचक

निपाणीकर, ती चाळीस पानं भराभर उलटली जातात ती शेवट ठाऊक असल्यामुळे नाही. ताटातूट खोटी असते म्हणून उलटली जातात. याची परीक्षा सोपी आहे: दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटं बोलून हे भांडण मिटेल का? मिटत असेल, म्हणजे अर्धवट ऐकलेला फोन, दुसरीबरोबर दिसला म्हणून समज-गैरसमज, तर ती पानं शेवट न सांगताही कंटाळवाणीच लागणार. आता तिला बेंगळूरूची नोकरी सोडायची नाही आणि त्याला अथणीच्या उसाला पाणी पाजायला दुसरं कोणी नाही, हे बोलून मिटत नाही. तिथं 'एकत्र येतात' हे ठाऊक असलं तरी 'आता हे जमवणार कसं?' हा प्रश्न राहतोच. वाचक त्या प्रश्नासाठी पान उलटतो.

वाचनालयाच्या टेबलाकडून

वाद चालू दे, पण टेबलावर रोज जे विचारलं जातं त्यात शेवट हा चारांतला एक प्रश्न आहे. बाकीचे तीन चुकले तर पुस्तक दुसऱ्या दिवशी परत येतं.

जवळीक किती, हे आधी. 'बोल्ड आहे' म्हणून भागत नाही. एकाला चुंबन बोल्ड वाटतं, दुसरीला चार पानांचा प्रसंगही वाटत नाही. म्हणून सरळ बोलावं: हात धरण्यापर्यंत, चुंबनापर्यंत, शयनगृहाचं दार लागतं आणि प्रकरण संपतं, किंवा दार उघडंच राहतं, सगळं लिहिलेलं आहे. एवढं सांगितलं की सासूबाईही निवडतात आणि सूनही, कोणी संकोचत नाही.

सगळ्यांत मोठी फसगत मुखपृष्ठानं होते. अलीकडच्या बऱ्याच इंग्रजी रोमान्सवर रंगीत, कार्टूनसारखी चित्रं असतात: एक मुलगा, एक मुलगी, मध्ये कॉफीचा कप. पालक ते शाळकरी मुलीसाठी उचलतात. आत दार सताड उघडं असतं. पूर्वी उघड्या छातीचा नायक बाहेरच दिसायचा, तेव्हा निदान अंदाज यायचा. मुखपृष्ठावरून वय ठरवू नका. कोणीतरी मधलं पान, साधारण निम्म्याच्या पुढचं, उघडून बघावंच.

तिसरा प्रश्न मालिकेचा. मालिका दोन जातींच्या. एकीत प्रत्येक भागात वेगळी जोडी असते, तीन बहिणी किंवा चार मित्र, मग दुसरा भाग आधी वाचला तरी बिघडत नाही. दुसरीत एकाच जोडीची गोष्ट तीन भागांत कापलेली असते आणि पहिला भाग ऐन कड्यावर थांबतो. कपाटात फक्त पहिला भाग असेल तर ते पुस्तक कुणाला सुचवूच नये.

चौथा वेगाचा. 'स्लो बर्न', म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, आवडतं म्हणणारे पुष्कळ, पण पहिली शंभर पानं दोघं नुसते खटके उडवत राहणार हे सांगितलं नाही तर ऐंशीव्या पानावर पुस्तक मिटतं.

अनगोळचा कवितावाला

सगळी यादी ठीक आहे, पण मुळातच काहीतरी हरवतंय. 'गोड शेवट' ही अट घातली की सुचवण्यातून आपली सगळी विरहाची परंपरा गळून पडते. ज्या बेळगावात इंदिरा संतांनी आयुष्य काढलं, त्या गावानं प्रेम म्हणजे काय हे विरहाच्या कवितेतून ओळखलं. त्यांचे पती 1946 साली गेले. त्यानंतरची त्यांची कविता हातात घेणाऱ्याला कुणी 'शेवट गोड नाही हं' असं बजावलं असतं का?

नव्या वाचकाला चिठ्ठी लावलेली पुस्तकंच देत राहिलात तर तो चिठ्ठी बघूनच वाचेल. 'आधी शत्रू, मग प्रियकर', 'खोटं लग्न', 'एकच खोली, एकच पलंग'. पुस्तक कमी आणि साचा जास्त.

टिळकवाडी वाचक

दादा, इंदिरा संतांचं नाव घेतल्यावर हात जोडते. पण कविता आणि कादंबरी यांचा वाचकाशी व्यवहार वेगळा असतो. कवितेला दोन मिनिटं लागतात, आणि ती परत परत वाचली जाते. दोनशे पानांची कादंबरी म्हणजे पानाला अडीचशे शब्द धरून पन्नास हजार शब्द, मिनिटाला दोनशेच्या वेगानं चार तासांहून जास्त. आजारी माणसाच्या उशाशी बसून, रात्रपाळीनंतर, परीक्षेच्या ताणात जो हे चार तास काढतो, त्यानं 'आज मला रडायचं नाही' म्हटलं तर त्याचं ऐकावं. विरहाचं पुस्तक त्याला पुढच्या महिन्यात द्या. आणि 'हे रडवतं' असं सांगूनच द्या. तसं सांगितल्यावर ते आवर्जून मागणारेही असतात.

खानापूर-लोंढा

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. 'शेवट गोड' या दोन शब्दांनी खोटी खात्री मिळते.

कितीतरी जुन्या, आणि मोबाईलवरच्या नव्याही, कथांत शेवट गोडच असतो. पण नायक काय करतो? नायिकेचा फोन तपासतो, तिची नोकरी सोडायला लावतो, 'नाही' म्हटल्यावर हात धरून ओढतो, आणि शेवटी 'प्रेमापोटीच केलं' म्हणून सगळं माफ. सुखान्त आहे म्हणून तुम्ही तो एकोणीस वर्षांच्या मुलीला बिनधास्त देणार. त्यापेक्षा नीट लिहिलेली शोकान्तिका तिला कमी इजा करेल. म्हणून शेवटाच्या आधी हे सांगा: तिच्या 'नाही'ला या पुस्तकात किंमत आहे का, आणि नायक चुकला तर माफी मागून पुढं वागणं बदलतो का, की नुसता हिऱ्यांचा हार आणतो.

डार्क रोमान्स नावाच्या प्रकारात तर अपहरण, जबरदस्ती हाच मसाला असतो. इंग्रजीत तिथं बरेच लेखक पहिल्याच पानावर इशारा छापतात. मराठीत पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या कथांना तो क्वचित दिसतो.

टिळकवाडी वाचक

हे मान्य. माझ्या मूळ मांडणीत हे सुटलं होतं. शेवटाच्या आधी 'नाही'ची किंमत, हा क्रम बरोबर आहे.

रोज एक भाग

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर: ऑनलाइन मालिकांना हा अख्खा वादच लागू पडत नाही, कारण तिथं शेवट पुष्कळदा नसतोच!

प्रतिलिपी हे कथा वाचायचं ॲप 2014 पासून आहे, कंपनी बेंगळूरूची, मराठी वाचक भरपूर. तिथली प्रेममालिका सुचवण्याआधी एवढं बघा. पहिलं, ती पूर्ण झाली आहे का. 'क्रमशः' वर अडकून महिनोन्‌महिने पडलेल्या कितीतरी आहेत. दुसरं, भाग किती. हजार शब्दांचा एक भाग धरला तर शंभर भाग म्हणजे एक लाख शब्द, वर सांगितलेल्या कादंबरीच्या दुप्पट. रोज एक भाग वाचला तर तीन महिन्यांहून जास्त. तिसरं, पुढचे भाग पैसे किंवा ॲपमधली नाणी भरून उघडावे लागतात का. आधी सांगितलं नाही तर चाळिसाव्या भागावर वाचक तुमच्यावर चिडतो.

दर्जा तपासायला पहिला भाग वाचू नका, तो सगळेच घासूनपुसून लिहितात. मधले कुठलेही सलग तीन भाग वाचा. दोघांत काही बदललं का? की तिसऱ्या भागाच्या शेवटी परत दाराची बेल वाजली आणि 'कोण असेल?' पुस्तकासारखी आखणी नसली की गोष्ट साठाव्या भागानंतर ताणली जाते: स्मृतिभ्रंश, जुळा भाऊ, परदेशातून आलेली पहिली प्रेयसी. यातलं एक दिसलं तर ठीक, दोन दिसली तर थांबा.

वाचायला वेळ नसणाऱ्यांना ऐकायची सोय आहे. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप 2017 पासून भारतात आहे आणि त्यावर मराठी पुस्तकंही आहेत. बेळगाव-हुबळी बसच्या प्रवासात बरंच ऐकून होतं. पण ऐकताना पानं उलटून शेवट बघता येत नाही, म्हणून तिथं आधी सांगणं जास्तच गरजेचं.

संकेश्वर, दोन्ही भाषा

आणि कन्नडचं काय हो? इथली मराठी माणसं शाळेत कन्नड शिकतात, बाजारात बोलतात, मग प्रेमकादंबरी मात्र फक्त पुण्याची सुचवायची? बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपण त्या मनापासून वाचल्या. पण कन्नडमधली घरगुती प्रेमाची कादंबरी त्या मानानं फार कमी आली. साईसुते यांच्यासारख्या लेखिकेच्या वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अस्सल वाचक असाल तर मूळच वाचा.

सुचवताना मात्र दोन ठिकाणी लोक अडखळतात. एक, भाषा. इकडचं कन्नड धारवाडी वळणाचं आणि कादंबरीतलं बहुधा म्हैसूर-बेंगळूरूकडचं. संवाद जास्त आणि प्रकरणं लहान असलेलं पुस्तक द्यावं, वर्णनाचं नको. वीस पानं नेटानं काढली की पुढं जमतं.

दोन, नाती. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही, मामीही आणि सासूही. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. आपला वाचक पहिल्या तीस पानांत नात्यांच्या गुंत्यात अडकतो. शिवाय नायिकेचं लग्न सख्ख्या मामाशी ठरणं ही कर्नाटकात बऱ्याच समाजांत मान्य रीत आहे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याला ओळखीचं, पण मामाशीच म्हटलं की मराठी वाचक दचकतो आणि पुस्तक मिटतो. एका वाक्यात आधी सांगून टाका, मग तो गोष्टीत रमतो. शेवट सांगण्यापेक्षा मला हे जास्त जरुरीचं वाटतं.

निपाणीकर

दोन्ही भाषांचा मुद्दा एकदम रास्त. त्याच अंगानं मराठीतही एक अडचण आहे. मराठी प्रेमकादंबरीतली जोडी पुण्याच्या भाषेत भांडते आणि पुण्याच्याच भाषेत लाडात येते. सीमाभागातली नायिका असली तरी लेखक तिला 'काय करूलास' म्हणू देत नाही. नाहीतर विनोदासाठी एखादी मोलकरीण तसं बोलते. सुचवताना याचीही नोंद हवी: भाषा कुठली, आणि बोली बोलणारं माणूस प्रेमात पडतं की नुसतं हसवतं.

शेवटाबद्दल मात्र मी अजून तिथंच आहे. फार तर एवढं मान्य: आपण होऊन सांगू नये, पण कोणी विचारलं तर लपवू नये.

वाचनालयाच्या टेबलाकडून

निपाणीकर, विचारत नाहीत हीच तर अडचण आहे. 'शेवटी मिळतात ना हो दोघं?' असं चारचौघांत विचारायला पन्नाशीच्या काकांना जड जातं, आणि कॉलेजच्या मुलीलाही. म्हणून पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं खूण करता येते. एकत्र येतात त्याला टिंब, रडवतं त्याला फुली, आणि खुणांचा अर्थ कपाटाच्या दारावर चिकटवलेला. ज्याला बघायचं तो बघेल. तुमच्यासारख्यानं ते पान उघडू नये.

निपाणीकर

पेन्सिलीची खूण चालेल. पण पहिल्या पानावर नको, शेवटच्या कोऱ्या पानावर करा.