ग्रँटॉर्टो: जुलमी राजा की बुजगावणं?

पिंपळपान
इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन' या रूपकात्मक महाकाव्याचा पाचवा भाग (१५९६) न्यायाचा. राणी ग्लोरिआना या भागाचा नायक, न्यायाचा शिलेदार आर्टेगल, याला पाठवते ती आयरीनाला, म्हणजे आयर्लंडला, ग्रँटॉर्टोच्या तावडीतून सोडवायला. नाव पहिल्याच सर्गात येतं, गडी रिंगणात उतरतो थेट बाराव्यात. नऊ-नऊ ओळींची मोजकी कडवी, की मुंडकं धडावेगळं! नावाचा इटालियन अर्थ 'मोठा अन्याय', पण अन्याय करताना तो दिसतो कुठे? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्यापेक्षा लढवय्या बायकांची राणी रॅडिगंड बघा, आर्टेगलला बायकी कपडे घालून सूत कातायला बसवते. खलनायिका असावी तर अशी.

मोडीवाचक
असहमत. तो दिसत नाही, त्याचे हात दिसतात. अकराव्या सर्गात बर्बन (फ्रान्सचा चौथा हेन्री) सांगतो, की त्याच्या प्रेयसीला, फ्लोरडेलिसला (म्हणजे फ्रान्सला), ग्रँटॉर्टोनेच सोन्याच्या भेटी देऊन, गोड बोलून फितवलं. हा स्पेनचा पैसा, कारण रूपकात ग्रँटॉर्टो म्हणजे स्पेनची सत्ता. आता बाराव्यातला वेष बघा: लोखंडी पत्र्याचं चिलखत, गंजक्या तपकिरी रंगाची पोलादी टोपी, लोखंड ठोकलेल्या आखूड दांड्याचा भलामोठा परशू. असा राजा माद्रिदच्या दरबारात शोभेल का? हा थाट आयरिश सरदारांच्या पदरी असलेल्या भाडोत्री कुऱ्हाडवाल्यांचा, गॅलोग्लासांचा. डोकं स्पेनचं, अंग आयर्लंडचं.

पिंपळपान
म्हणजे एका अंगावर दोन सोंगं, आणि धड एकही नाही. शिवाय पाचव्या सर्गात रॅडिगंड आर्टेगलची तलवार मोडते. बाराव्यात तीच तलवार, क्रायसेऑर, ग्रँटॉर्टोच्या डोक्यात बसते. कवीचंच लक्ष उडालेलं दिसतंय.

मोडीवाचक
तलवारीचं मान्य, तिथे ठिगळ उघडं पडलंय. पण ढालीचं काय? परशू आर्टेगलच्या ढालीत रुततो. ग्रँटॉर्टो इतका ओढतो, की ढालीबरोबर आर्टेगलही फरफटतो, तरी पातं निघत नाही. मग आर्टेगल ढालच सोडून देतो, आणि ग्रँटॉर्टो त्या ओझ्यात अडकलेला असताना वार करतो. आदल्याच सर्गात आर्टेगलने बर्बनला ढाल टाकली म्हणून झापलं होतं: मरण पत्करावं, पण अब्रू जाईल असं वागू नये! ही जोडी योगायोगाने जमत नाही. बुजगावण्याशी लढताना नायकाला स्वतःचं तत्त्व मोडावं लागत नसतं.

खडूफळा
दोघेही जुलमी चुकीच्या बाजूला शोधताय. आर्टेगलमागे लॉर्ड ग्रे आहे, १५८० ते १५८२ आयर्लंडचा लॉर्ड डेप्युटी (इंग्लंडच्या राणीचा तिथला कारभारी), आणि स्पेन्सर त्याचाच सचिव. नोव्हेंबर १५८० मध्ये आयर्लंडमधल्या स्मरविकला शरण आलेले सुमारे ६०० सैनिक ग्रेच्या हुकमाने कापले गेले. काव्यात हे काम आर्टेगलचा सेवक टॅलस करतो, मळणीच्या दांडक्यासारखं लोखंडी हत्यार घेतलेला लोखंडी माणूस. ग्रँटॉर्टो पोकळ ठेवलाय तो सोयीसाठी. त्याचा जुलूम तपशिलात दाखवला असता, तर वाचकाने टॅलसच्या कामाशी ताडून पाहिला असता.

मोडीवाचक
अर्धवट वाचन. किनाऱ्यावर उतरल्यावर टॅलस कत्तल करत सुटतो, तेव्हा आर्टेगलच त्याला आवरतो.

खडूफळा
आवरतो खरं. आणि आयरीनाला गादी मिळाल्यावर गुन्हेगार हुडकायला राज्यभर कोणाला धाडतो? त्यालाच.