मदत हवी आहे: पुण्याचं डेक्कन कॉलेजचं म्युझियम लहान पोरांना घेऊन बघता येतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही चाळीसगावचे. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जातोय, सोबत ६ आणि ९ वर्षांची पोरं. मोठीला अश्मयुगाचं भारी वेड लागलंय, गिरणेच्या पात्रातून धारदार गारगोट्या उचलून आणते आणि हे हत्यार आहे का विचारत बसते. आपल्याच तालुक्यातल्या पाटण्याला १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरलेला तुकडा सापडला होता, त्यावर बारीक आडव्यातिडव्या रेघा आहेत, तिला तो प्रत्यक्ष बघायचाय आणि खरं सांगायचं तर मलाही. पाटणादेवीला बऱ्याचदा जाऊन झालं, पण तिथे जंगल नि मंदिर, यातलं काही बघायला मिळत नाही.

नेटवर शोधलं तर म्युझियमच्या वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिसतात. आम्ही शाळेचा ग्रुप नाही, फक्त घरचे चौघं, आणि शनिवारशिवाय जमणार नाही. धाकटा तासाभराच्या वर टिकत नाही.

अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, शनिवारी उघडं असतं का, आधी परवानगी लागते का, आणि पाटण्याचा तो तुकडा, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात सापडलेला चार पायांचा दफनाचा रांजण हे खरंच मांडून ठेवलंय का?