रोटेनबुर्गच्या बाजारचौकात सकाळचे छायाचित्रण: किती वाजता आणि कोठून?

शाहूनगरवासी (सातारा)

नमस्कार. सप्टेंबरअखेर आम्ही उभयता मुलीकडे जर्मनीत न्युरेंबर्गला जाणार असून, मधल्या दोन रात्री रोटेनबुर्ग ओब देर टाउबर या तटबंदीच्या गावात मुक्काम करण्याचा विचार आहे. अजिंक्यताऱ्यावरून आणि ‘चार भिंती’ या इथल्या टेकडीवरील स्मारकावरून सूर्योदय टिपण्याची मला जुनी सवय आहे. सूर्य वर आला की अर्ध्या तासाच्या आत उजेड पांढरा पडतो आणि कॅमेरा पिशवीत जातो, हा आमचा इथला हिशेब. तिथल्या बाजारचौकात, म्हणजे मार्क्टप्लाट्झवर, तोच हिशेब चालेल काय? किती वाजता बाहेर पडावे, कोणत्या बाजूला उभे राहावे आणि ट्रायपॉडचे ओझे न्यावे की नाही, हे कोणी अनुभवाने सांगावे. मुलीचे मत असे की सकाळची गाडी धरली तरी पुरे, मुक्काम कशाला?

टाउबरकाठचा वाईकर

काका, मुक्काम रद्द करू नका. न्युरेंबर्गहून येताना आन्सबाख आणि श्टाइनाख येथे गाडी बदलावी लागते, त्यामुळे आपण चौकात पोहोचेपर्यंत ज्यासाठी जायचे तो उजेड संपलेला असेल आणि सहलीच्या बसगाड्यांतून उतरलेली गर्दी मात्र जमू लागलेली असेल. मी शेजारच्या वुर्त्सबुर्गला चार वर्षे होतो. या गावाला निदान सहा वेळा गेलो, पण मनासारखी छायाचित्रे मिळाली ती केवळ मुक्कामाच्या दोन खेपांना.

आता हिशेबाबद्दल. सातारा सुमारे १७.७ अक्षांशावर आहे, तर रोटेनबुर्ग ४९.४ वर. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य तासाला साधारण १४ अंश चढतो. तिथे तो तिरका, रेंगाळत, जेमतेम १० अंश चढतो. म्हणजे क्षितिजापासून ६ अंशांपर्यंतचा जो पिवळसर उजेड साताऱ्यात सुमारे २५ मिनिटे टिकतो, तो तिथे ३५ मिनिटांहून अधिक मिळतो. सूर्योदयही त्या सुमारास सातनंतर, ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास असतो, त्यामुळे पहाटे चारचा गजर लावण्याचे कारण नाही. साडेसहाला चौकात असावे. तेव्हा आकाश गडद निळे आणि दिवे अजून पेटलेले असतात. ट्रायपॉड लागतो तो याच अर्ध्या तासात.

चौकाच्या पश्चिमेला राटहाउस, म्हणजे नगरभवन आहे. १५०१ च्या आगीत जुन्या गॉथिक इमारतीचा पुढचा भाग जळाल्यावर १५७२ ते १५७८ या काळात रेनेसाँ शैलीतील सध्याची दर्शनी बाजू उभी राहिली, आणि तिच्यापुढील दगडी कमानींचा सज्जा १६८१ चा आहे. तिचे तोंड पूर्वेला असून आपण संपातदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या, जवळपास जात आहात, त्यामुळे सूर्य जवळजवळ समोरूनच येतो. मात्र पूर्वेकडील घरांच्या छपरांमुळे ऊन आधी शिखरावर पडते आणि मग मजला-मजला खाली उतरते, तर फरसबंदी बराच वेळ सावलीत राहते. या उतरत्या उन्हासाठी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे माप, वरच्या भिंतीवर धरावे. खालची सावली काळी झाली तरी चालेल, वरचा दगड पांढराफटक पडता कामा नये.

फरसबंदीवरची पावले

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, ट्रायपॉड सोडून. चौक उताराचा आहे, दगड दवाने निसरडे होतात आणि साठी ओलांडलेल्या माणसाने ते ओझे वागवत फिरावे असे मला वाटत नाही. दक्षिणेकडील गेओर्ग कारंज्याच्या कठड्यावर कॅमेरा टेकवला की काम भागते. तिथूनच उत्तरेकडील राट्सट्रिंकश्टुबे या इमारतीचे घड्याळ समोर येते. १६३१ मध्ये महापौर नुश यांनी शत्रुसेनापतीच्या आव्हानावरून सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवल्याची दंतकथा तिथल्या बाहुल्या दाखवतात, पण खिडक्या दहा वाजल्यापासून उघडतात. ती गर्दीची गोष्ट आहे. सकाळी तिच्या नादी लागू नये.

एक गोष्ट अवश्य करावी: ऊन पांढरे झाले की तटावर चढावे. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा सुमारे ४० टक्के भाग, प्रामुख्याने पूर्वेकडचा, नष्ट झाला होता. तट पुन्हा बांधताना ज्यांनी देणग्या दिल्या त्यांच्या नावांचे दगड भिंतीत बसवलेले आहेत आणि तिरक्या उजेडात ती अक्षरे उठून दिसतात.

कायदेपंडित नसलेला

थोडे नियमांविषयी. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतींची बाह्य छायाचित्रे घेऊन ती प्रसिद्ध करण्यास जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ५९ नुसार मुभा आहे. शिडी लावून घेतलेले छायाचित्र त्यात बसत नाही. माणसांचे तसे नाही. १९०७ च्या कायद्यानुसार ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास तिची संमती लागते. ती व्यक्ती दृश्यात केवळ ओघाने आलेली असेल, तर अपवाद आहे. बेकरीतल्या बाईंचा चेहरा आवडला तर आधी विचारावे.

शाहूनगरवासी (सातारा)

सर्वांचा आभारी आहे. तासाला १४ विरुद्ध १० अंश हे गणित मुलीला वाचून दाखवल्यावर तिने मुक्कामास मान्यता दिली. ट्रायपॉड ठेवून जात आहे, त्याऐवजी गव्हाची पुरचुंडी नेईन. कठड्यावर ती ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवण्याची युक्ती मी चार भिंतींवर वापरतो. विमानतळावर गहू अडवले, तर तिथे तांदूळ विकत घेईन.