मदत हवी आहे: पुढच्या डाव्या चाकाचा घूं-घूं आवाज आणि ब्रेकला गाडी डावीकडे ओढतेय

नमस्कार मंडळी. सातारा. जुनी फोर बाय फोर, डिझेल, मड टेरेन टायर (चिखलासाठीचे, जाड खोल नक्षीचे). कास-बामणोलीकडे महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं.

चाळीसच्या पुढे घूं-घूं सुरू होतं, साठला तर मागच्या सीटवरच्याशी बोलता येत नाही. मड टायर थोडे ओरडणारच, ते मान्य. पण स्टेअरिंग उजवीकडे वळवलं की आवाज वाढतो, डावीकडे वळवलं की कमी होतो. म्हणून डाव्या बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं तो भाग) संशय. पण टायरवरून हात फिरवला तर नक्षीचे ठोकळे एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवलं की करवतीसारखे बोचतात. मग बेअरिंग की टायर?

दुसरं जास्त काळजीचं. रविवारी यवतेश्वर घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. खाली आल्यावर पेडल मऊ, जळका वास, आणि डावी रिम हात लावू देईना. उजवी नुसती कोमट. (घाटात तिसऱ्या गिअरवर होतो, खालचा गिअर न टाकता ब्रेकवरच भार दिला, चूक माझीच.) ब्रेक पॅड काढून बघितले: डावीकडचा आतला जवळजवळ संपलाय, बाहेरचा अर्धा शिल्लक.

गॅरेजवाले म्हणतात, 'चारही टायर बदला.' मला वाटतं कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती पिन, जाम आहे. ब्रेक ऑइलही तीन वर्षं बदललेलं नाही.

आधी पुढचे टायर मागे टाकून आवाज सरकतो का बघू, की थेट हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) उघडू? पिन साफ करून ग्रीस लावणं पुरेल, की पिन-रबरचं किट बदलावंच लागेल? तोवर गाडी दारातच उभी आहे.