भाच्यासाठी आंब्याचा गेम करतोय: वेग गंडलाय, मराठी दिसत नाही आणि मजाही येत नाही

डोंबिवलीचा_रत्नांग्रीकर
मंडळी, नमस्कार. मी अकाउंट्समधला माणूस, कोडिंग हौसेपुरतं. भाचा दुसरीत आहे. यंदा मे महिन्यात त्याला आजोळी, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या घरी येता येणार नाही. म्हणून आपल्याच बागेचा छोटा गेम करून त्याला पाठवायचा बेत आहे. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतोय. झाडावरून आंबे पडतात, खाली एक गडी झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन डावीउजवीकडे पळतो, आंबा झेलला की एक गुण.

आता अडचणी. माझ्या लॅपटॉपवर आंबे निवांत पडतात, धाकट्या भावाच्या गेमिंग लॅपटॉपवर धाडधाड कोसळतात. इथे मराठी अक्षरं झकास दिसतात, पण वेब एक्स्पोर्ट करून फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं की सगळीकडे नुसते चौकोन. आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटांत मलाच कंटाळा येतो. वानरं, अवकाळी पाऊस, वाशीचं मार्केट असं काही घालू का?

लूपबाज
पहिल्या दोन गोष्टी किरकोळ आहेत. प्रोसेस फंक्शनमध्ये (ते दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला एकदा चालतं) तुम्ही दर फ्रेमला ४ पिक्सेल मिळवत असणार. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर ते सेकंदाला २४० होतात, १४४ हर्ट्झवर ५७६. वेग 'सेकंदाला २४०' असा ठरवा आणि दर फ्रेमला त्याला डेल्टाने गुणा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. मग स्क्रीन कुठलीही असो, आंबा तेवढ्याच वेळात खाली येईल.

चौकोनांचं कारण असं की गोडोच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर तो सिस्टीमचा फॉन्ट उसना घेतो, ब्राउझरमध्ये ती सोय नाही. नोटो सान्स देवनागरीची फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथे लावा. जोडाक्षरं गोडो ४ नीट जुळवतो, त्याची काळजी नको.

आता कंटाळ्याचं. वानरं घालू नका, पाऊस तर नकोच. मूळ खेळात दम नसेल तर वर कितीही सजावट करा, पोरगं दुसऱ्या मिनिटाला यूट्यूबवर जाईल. तुमच्या गेममध्ये खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नाही. आंबा पडला, पळा, झेला. आणि मला सांगा, हापूसच्या बागेत पडणारा आंबा झेलत कोण बसतं? पडलेला आंबा पेटीत जातच नाही. झेल्याने देठासकट उतरवतात, आणि कधी उतरवायचा यातच सगळं कसब. गेम तिथे आहे!

आंबे झाडावरच राहू द्या. आंबा किती तयार झालाय ते बागेत सोळापैकी आण्यांत सांगतात, म्हणून प्रत्येक आंब्याला 'आणे' नावाचं व्हेरिएबल द्या (गोडो ४ मध्ये देवनागरी नाव चालतं, मी ठेवतो). ते दहापासून हळूहळू वाढेल. चौदाच्या आसपास बोट लावलं तर आंबा पेटीत. आधी लावलं तर कोवळा, गुण नाही. सोळा झाले की आपोआप खाली. आकडा स्क्रीनवर दाखवू नका, फळाकडे बघून ओळखू दे त्याला. सुरुवातीला चित्रंसुद्धा काढू नका, हिरवे-पिवळे गोल पुरेत. गोलांनी मजा आली तरच पुढे जा.

देवगडवाला
लूपबाज, कोकणातले दिसता! एक भर घालतो. नुसत्या रंगावर जाऊ नका, चौदा आण्यांचा हापूस अजून हिरवाच असतो, गडदचा फिका होतो इतकंच. खरी खूण देठाशी. खांदे भरून देठाच्या वर येतात आणि देठापाशी खळगा पडतो. दोन-तीन चित्रं लागतील: खांदे उतरलेला, खांदे भरलेला, पिवळसर झालेला. आणि फार उशिरा काढलेल्यात साक्याची भीती. म्हणजे पंधरा आण्यांना काढलेला आंबा पेटीत जाईल, पण कधीकधी कापल्यावर आत पांढरट निघेल. बाहेरून काही कळत नाही, पोराला चांगलाच धक्का बसेल.

आणखी एक. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. शेवटी पेटी भरायच्या आधी बादलीत टाकून बघायचं, असं करता येईल का?

डोंबिवलीचा_रत्नांग्रीकर
बादली भारीच! डेल्टा आणि फॉन्ट दोन्ही जमले, आभार. गोल टाकून चौदा आण्यांचं केलं. आईला फोनवर दिलं, तिने काही न विचारता खेळायला घेतलं, 'हा अजून आठ दिवस राहू दे' असं गोलाला म्हणत होती. पण सगळे आंबे एकाच क्षणी तयार होतात. धांदल उडते आणि मग बराच वेळ झाड रिकामं.

लूपबाज
मोहोर एकदम येतो का कधी? सगळ्यांना दहापासून सुरू करू नका. रँडएफ रेंज (दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा देणारं फंक्शन) वापरून प्रत्येकाला सुरुवातीचे आणे चार ते अकराच्या मध्ये कुठेतरी द्या, वाढीचा वेगही थोडा कमीजास्त ठेवा. एक आंबा काढला की काही सेकंदांनी त्याच फांदीवर बारकी कैरी येऊ दे. बादली पुढच्या आठवड्यात. आधी हे भाच्याच्या हातात द्या आणि तो खेळताना काही शिकवायला जाऊ नका. कुठे अडतो तेवढं बघून इथे लिहा.

देवगडवाला
आणि आईंना विचारा, पेटी किती डझनी ठेवायची.